नळीतलं जेवण: वाचकांची पत्रं आणि उत्तरं

दवाखान्यातून घरी सोडताना रुग्णाच्या नाकात किंवा पोटावर नळी असते, हातात एक मोठी सिरिंज असते आणि सूचना दोन मिनिटांत संपलेल्या असतात. पुढचे महिने घरच्यांनी काढायचे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून या विषयावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

सासूबाईंना (वय ७२, वजन सुमारे ५० किलो) अर्धांगवायू झाल्यापासून तीन आठवडे नाकात नळी आहे. पावडरचा डबा तीन दिवसांत संपतो, परवडत नाही. आता दिवसातून पाच वेळा २०० मिली देतो, कधी साखरेचं दूध, कधी वरणाचं पाणी. एवढं पुरतं का? शेतातली केळी घालू का? – एक सून, यावल तालुका

पुरत नाही. तुम्ही देता त्यातून जेमतेम पाचशे कॅलरी जात असतील, म्हणजे गरजेच्या एक तृतीयांश. वरणाचं वरचं पाणी म्हणजे पिवळं पाणी, डाळ राहते भांड्याच्या तळाशी. घरचं जेवण नळीतून खुशाल द्या, पण अंदाजपंचे देऊ नका.

हिशेब असा. वजनाच्या दर किलोला रोज २५ ते ३० कॅलरी, १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं आणि सगळं धरून ३० मिलीच्या आसपास पाणी. सासूबाईंना म्हणजे साधारण १५०० कॅलरी, ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं आणि दीड लिटर पाणी. पाठीला जखम झाली असेल तर प्रथिनं आणखी वाढवावी लागतात.

दिवसभराचं माप लिहून स्वयंपाकघरात चिकटवा: गाईचं दूध १ लिटर, धुतलेली मूगडाळ ६० ग्रॅम, गव्हाचं पीठ किंवा बारीक रवा ८० ग्रॅम, साखर ४० ग्रॅम (सपाट ८ लहान चमचे), तेल २० मिली (४ लहान चमचे), मीठ ३ ते ४ ग्रॅम. यातून सुमारे १४७० कॅलरी आणि ५५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. डाळ आणि पीठ एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर मोजून आणा आणि घरातल्या वाटीला तिथे खूण करा. प्रत्येकाच्या घरची वाटी वेगळी असते.

डाळ कुकरला चार-पाच शिट्ट्या जास्त देऊन पार गाळ करा. पीठ आधी कोरडं भाजून पाण्यात शिजवा. दूध वेगळं उकळा. मग सगळं मिक्सरमधून फिरवा, सुपाच्या बारीक स्टीलच्या गाळणीतून गाळा आणि उकळून गार केलेलं पाणी घालून एकूण १८०० मिली करा. म्हणजे ३०० मिलीचे सहा भाग झाले. कापडाने गाळू नका. कापडाच्या विणीत राहिलेलं दूध धुऊनही निघत नाही आणि दुसऱ्या दिवशीचं जेवण तिथूनच नासतं.

आता पिठाची लापशी घट्ट होते, नळीतून उतरत नाही, म्हणून लोक पाणी ओततात आणि जेवण पुन्हा पांचट होतं. त्याला जुना उपाय आहे: मोडाचं पीठ. गहू रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधून एक-दोन दिवस मोड येऊ द्या, वाळवा, अगदी मंद आचेवर कोमट होईल इतपत भाजा आणि दळा. लापशी शिजली की गॅस बंद करा, पाच मिनिटं थांबा आणि मग हे पीठ एक लहान चमचा टाकून ढवळा. चमचा उभा राहील अशी लापशी पाच-दहा मिनिटांत ताकासारखी वाहू लागते. मोडातलं पाचक द्रव्य पिठूळपणा तोडतं. उकळत्या लापशीत टाकलं तर ते द्रव्य मरतं आणि काहीच होत नाही. लापशी पातळ झाल्यावर मात्र पुन्हा दोन-तीन मिनिटं उकळून घ्या, कारण मोडांवर जंतू असतात. गव्हाऐवजी बाजरी किंवा नाचणी चालेल. घरात दादर (रब्बी ज्वारी) भरपूर असली तरी ज्वारीला मोड आणू नका. कोवळ्या ज्वारीच्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. पावसाने ओढ दिल्यावर कोवळी ज्वारी खाल्लेलं ढोर का दगावतं, हे खान्देशातल्या शेतकऱ्याला सांगायला नको.

मिठाचं मुद्दाम सांगतो. नळीतल्या जेवणाला चव लागत नाही म्हणून घरोघरी मीठ घालायचं राहून जातं. दूध-साखरेवर काही आठवडे काढलेले म्हातारे रुग्ण सुस्त होतात, बरळतात, आणि घरच्यांना वाटतं पुन्हा झटका आला. रक्त तपासलं की पुष्कळदा सोडियम उतरलेलं निघतं. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनी मीठ बंद केलं असेल तर गोष्ट वेगळी.

केळं चालेल. पूर्ण पिकलेलं, दिवसाला एक, मिक्सरमधून काढून गाळून आणि भरपूर पातळ करून. केळ्याचे धागे आणि मधल्या काळ्या बिया नळीच्या तोंडाशी अडकतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर केळं देऊ नका, त्यातलं पोटॅशियम त्या रुग्णाला झेपत नाही. मधुमेह असेल तर वरच्या मापातली साखर काढून तेल ३ चमचे वाढवा आणि नवं माप डॉक्टरांना दाखवून औषध जुळवून घ्या. इन्सुलिन टोचलं आणि मग नळी तुंबली म्हणून जेवण राहिलं, ही त्यातली सगळ्यात वाईट वेळ. आधी नळी सुरू आहे याची खात्री करा, मग इन्सुलिन.

घरच्या जेवणात जीवनसत्त्वं आणि खनिजं कमी पडतात. डॉक्टरांना विचारून त्यांचं पातळ औषध सुरू करा, किंवा सहापैकी दोन वेळा डब्यातली पावडर आणि चार वेळा घरचं, असं करा. पावडर घेताना डब्यावर ती संपूर्ण आहार आहे का ते पाहा. नुसती प्रोटीन पावडर म्हणजे जेवण नव्हे.

देण्याची पद्धत: पाठ ३० ते ४५ अंश उंच करा. नुसती मानेखाली उशी घातली तर पोट दुमडतं. आधी ३० मिली पाणी. सिरिंजचा दट्ट्या काढून नळकांडं नळीला लावा, रुग्णाच्या डोक्यापासून वीतभर उंच धरा आणि जेवण आपल्या वजनाने उतरू द्या. ३०० मिलीला २० ते ३० मिनिटं लागली पाहिजेत. दट्ट्याने ढकलून पाच मिनिटांत मोकळं होणं हे उलटीचं सगळ्यात मोठं कारण. नळकांडं रिकामं होण्याआधी नळी चिमटीत धरून पुन्हा भरा, नाहीतर हवा जाते. शेवटी पुन्हा ३० मिली पाणी आणि नंतर किमान अर्धा-पाऊण तास तसंच बसवून ठेवा. तुम्ही आज २०० मिली देता, तर एकदम ३०० वर जाऊ नका. तीन-चार दिवसांत थोडं थोडं चढवा.

नळी दर दोन दिवसांनी तुंबते. शेजारच्यांनी काळं कोल्ड्रिंक टाकायला सांगितलं, टाकू का? – शिरपूर

टाकू नका. कोल्ड्रिंक आंबट असतं, आंबटाने नळीतलं दूध फाटतं आणि गुठळी आणखी घट्ट होते. साधं कोमट पाणी त्याहून चांगलं. मोठी, ५० मिलीची सिरिंज लावा, कोमट पाणी हळू आत-बाहेर करा, मग पाणी तसंच ठेवून नळी बंद करून १५-२० मिनिटं थांबा आणि पुन्हा करा. लहान सिरिंजने जोर लावू नका. सिरिंज जितकी लहान तितका दाब जास्त, आणि नळी आतल्या आत फाटू शकते. तार, सुई, झाडूची काडी तर मुळीच नाही. दोन-तीनदा करूनही निघाली नाही तर नळी बदलायची.

पण दर दोन दिवसांनी तुंबते म्हणजे कारण बहुधा गोळ्या आहेत. तुमच्या पत्रातल्या यादीत सहा गोळ्या आहेत आणि त्या एकत्र कुटून जेवणात मिसळता असं लिहिलंय. प्रत्येक गोळी वेगळी, खलात पार पीठ करून, १५-२० मिली पाण्यात विरघळवून द्या. दोन औषधांच्या मध्ये १० मिली पाणी, शेवटी ३० मिली. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर किंवा सीआर असलेली गोळी कुटायची नसते. ती दिवसभरात सावकाश सुटायला बनवलेली असते, कुटली की सगळा डोस एकदम जातो. पॅन्टोप्राझोलसारख्या गोळीवरचं कवच पोटातल्या आम्लापासून बचाव करायला असतं, तीही कुटून वाया जाते. केमिस्टला न विचारता डॉक्टरांकडे यादी न्या आणि पातळ औषध किंवा दुसरा पर्याय लिहून घ्या. फिटसाठी फेनिटॉइन चालू असेल तर त्याच्या आधी आणि नंतर साधारण दोन तास जेवण नको, नाहीतर औषध नीट अंगी लागत नाही. इसबगोल नळीतून कधीच देऊ नये, तो आत फुगून दगड होतो.

मे महिन्यात जेवण किती वेळ टिकतं? आमच्याकडे लाइट जाते. जुलाबही सुरू आहेत. – भुसावळ

भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ ला असताना, दूध घातलेलं जेवण बाहेर एका तासापेक्षा जास्त ठेवू नका. थंडीत दोन तास. फ्रिजमध्ये २४ तास, तेही फ्रिज खरोखर थंड राहत असेल तर. लाइट चार-चार तास जात असेल तर सहा भाग एकदम करू नका. पीठ आणि डाळ कोरडी भाजून, दळून, मोजून सहा पुड्या करून ठेवा आणि दर वेळी एक पुडी ताजी शिजवा. काम वाढतं, पण उन्हाळ्यापुरतं दुसरा मार्ग नाही. फ्रिजमधला भाग गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करा. थंडगार दिला तर पोटात कळ येते.

जुलाबाचं खापर लोक पहिल्यांदा दुधावर फोडतात. आधी मिक्सरच्या भांड्याचं पातं काढून खालचं रबर पाहा. तिथे पांढरा, आंबूस वासाचा थर असेल तर उत्तर सापडलं. सिरिंज दर वेळी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, दट्ट्या वेगळा करून वाळवा आणि आठवड्याने बदला. पाणी बोअरचं असो की नळाचं, उकळलेलंच वापरा. हे सगळं ठीक असेल तर अँटिबायोटिक चालू आहे का, आणि पातळ औषधांत सॉर्बिटॉल आहे का, ते पाहा. त्या गोड द्रव्याने पोट ढिलं होतं. मग दूध. आठवडाभर दुधाऐवजी दही पातळ घुसळून, गाळून देऊन पाहा, मात्र दह्याच्या आधी आणि नंतर पाणी सोडायला विसरू नका.

उन्हाळ्यात दिवसाला ३०० ते ५०० मिली पाणी वरून द्या, दोन जेवणांच्या मध्ये, १०० मिलीच्या हप्त्यांनी. लघवी गडद पिवळी आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडतंय. हृदय किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल तर पाण्याचं माप डॉक्टरच ठरवतील. रक्त, ताप किंवा दिवसाला पाच-सहापेक्षा जास्त जुलाब असतील तर घरी बसू नका.

नळी जागेवर आहे हे कसं ओळखायचं? पोटावर कान लावून हवा सोडल्याचा आवाज ऐकायला सांगितलं होतं. – अमळनेर

तो आवाज फसवतो. नळीचं टोक फुप्फुसात असलं तरी पोटावर गुडगुड ऐकू येऊ शकते. पाण्याच्या वाटीत टोक बुडवून बुडबुडे बघण्याचंही तसंच. नळी नवी बसवल्यावर खात्रीचा पुरावा एक्स-रे.

घरी रोज करायचं ते असं: नळी बसवली त्या दिवशीच नाकपुडीला लागून नळीवर पक्क्या मार्करने खूण करा आणि तिथला आकडा लिहून ठेवा. दर जेवणाआधी खूण पाहा, तोंड उघडून घशात वेटोळं झालेलं नाही ना ते पाहा, आणि सिरिंजने थोडं ओढा. पीएचच्या (आंबटपणा मोजणाऱ्या) पट्टीवर ५.५ किंवा कमी आलं तर ते पोटातलं पाणी. पॅन्टोप्राझोलसारखी औषधं चालू असतील तर आकडा जास्त येतो, मग पट्टीवरून काही ठरवता येत नाही. खूण दोन-चार सेंटीमीटर सरकली असेल तर आत ढकलू नका, जेवण देऊ नका, दाखवून घ्या. एक-दोन वेळचं जेवण चुकल्याने माणूस जात नाही, चुकीच्या जागी गेलेल्या जेवणाने जातो. देताना ठसका, धाप, ओठ निळसर असं काही दिसलं तर लगेच थांबवा, नळी बंद करा, बसतं करा आणि १०८ ला फोन लावा.

नाकातली साधी, पीव्हीसी प्लॅस्टिकची रायल्स ट्यूब (इंग्लंडच्या डॉ. जॉन रायल यांच्या नावाची, १९२१ सालची) पोटातल्या आम्लाने कडक होत जाते, म्हणून ती दर दोन-तीन आठवड्यांनी, किंवा पाकिटावर लिहिलं असेल त्याआधी, बदलावी. सिलिकॉनची मऊ नळी जास्त टिकते आणि नाकही कमी सोलवटतं. चिकटपट्टी रोज बदला, रोज थोड्या वेगळ्या जागी. आणि तोंड दिवसातून दोनदा ब्रशने साफ करा. जेवण तोंडातून जात नसलं तरी लाळ श्वासनळीत उतरते, आणि घाण लाळेनेही न्यूमोनिया होतो.

वडिलांना तोंडाचा कॅन्सर. दोन महिन्यांपूर्वी पोटावर नळी (पेग) बसवली. परवा रात्री ती निघून आली, सकाळपर्यंत छिद्र बुजलं. आमचं काय चुकलं? – धुळे

सकाळची वाट पाहिली, एवढंच. पोटावरचा मार्ग पक्का व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तो पक्का झाल्यावर नळी निघाली तर छिद्र काही तासांत आवळू लागतं. स्वच्छ फडकं लावून, निघालेली नळी सोबत घेऊन दोन-तीन तासांत पोहोचायचं, रात्र असली तरी. पहिल्या चार आठवड्यांत निघाली तर काहीही आत घालू नका. पोटातलं जेवण उदरात सांडण्याचा धोका असतो, ती पूर्ण आणीबाणी आहे.

नव्या नळीला आत फुगा असेल तर आठवड्यातून एकदा त्यातलं पाणी सिरिंजने काढून मोजा आणि पुन्हा तेवढंच भरा. किती भरायचं ते नळीच्या टोकावर छापलेलं असतं. फुग्यात डिस्टिल्ड वॉटर भरा. सलाईनचे खडे धरतात आणि फुगा रिकामा होत नाही. दर वेळी पाणी कमी निघालं तर फुगा गळतोय, तो फुटण्याआधी नळी बदलून घ्या. नळीभोवती जेवण झिरपत असेल तर लोक जाड नळी मागतात. ती घालू नका, छिद्र मोठंच होत जातं. आधी फुगा पाहा, मग बद्धकोष्ठ. बाहेरची चकती कातडीला रुतू देऊ नका, आत-बाहेर थोडी हलली पाहिजे.

पत्रात एक ओळ आहे की नळी बसवण्याआधी वडील दोन आठवडे जवळजवळ उपाशीच होते. तुमचा प्रश्न त्यावर नाही, पण इतरांसाठी लिहितो. दहा दिवसांहून जास्त उपाशी माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण जेवण दिलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम एकदम खाली येऊन हृदय बंद पडू शकतं. सुरुवात वजनाच्या दर किलोला १० कॅलरीपेक्षा जास्त नको, आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) सुरू, आणि रक्ततपासण्या करत वाढवायचं. हे दवाखान्यातच व्हावं.

अशक्तपणा आहे म्हणून गावातले डॉक्टर घरी सलाईन लावतात. नळीपेक्षा ते बरं नाही का? – शहादा

अर्धा लिटर पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच चमचे. कॅलरी सुमारे ८५, एका केळ्याइतक्याही नाहीत. साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, कॅलरी शून्य. शिरेतून पूर्ण जेवण देता येतं, पण ते छातीजवळच्या मोठ्या शिरेतून, कडक निर्जंतुक पद्धतीने, आणि आतडी काम करत नसतील तरच. आतडी चालत असतील तर नळी.

आजोबांना स्मृतिभ्रंश आहे, शेवटची अवस्था. नाकातली नळी ते चार वेळा उपटून टाकून मोकळे झाले. आता हात बांधा किंवा पेग करा असं सांगतात. – चाळीसगाव

हात बांधू नका. शेवटच्या अवस्थेतल्या स्मृतिभ्रंशात नळीने आयुष्य वाढतं, न्यूमोनिया टळतो किंवा पाठीच्या जखमा भरतात, असं दिसून आलेलं नाही. जाणकार वैद्यकीय संस्थांचा सल्ला हाताने भरवण्याचा आहे: पूर्ण बसवून, अर्धा चमचा, घट्टसर लापशी, गिळल्याची खात्री करून पुढचा घास. तोंड मिटलं की थांबायचं. कमी जाईल. ते कमी जाणं आजाराचा भाग आहे, सेवेतली कसूर नाही. भावंडांना एकत्र बसवून डॉक्टरांशी हेच स्पष्ट बोला. झटक्यातून सावरणाऱ्या रुग्णाचा विचार वेगळा असतो. तिथे चार-सहा आठवड्यांनंतरही गिळता येत नसेल तर पेग जरूर करावी.

आखाजी (अक्षय्य तृतीया) आली. सगळे रस-पोळी खातात आणि आई बघत बसते, "माले बी पोयी दे" (मलापण पोळी दे) म्हणते. नळीतून काय देता येईल? – पारोळा

पुरण नळीतून नको. गार होता होता ते पुट्टीसारखं घट्ट बसतं. आमरस चालेल: बारीक गाळणीने दोनदा गाळा, १०० मिली रसात ५० मिली पाणी, आणि दुधाच्या वेळेपासून लांब. आधी आणि नंतर ५० मिली पाणी सोडा, म्हणजे आंबट रस आणि दूध नळीत भेटणार नाहीत. रशी (आपली झणझणीत आमटी) तिखट न घालता केली तर वरचं गाळून देता येईल, पण खान्देशी घरात तिखटाविना रशी कोण करतं!

आई बोलते, मागते, म्हणजे तिची गिळण्याची तपासणी करून घ्यायची वेळ झाली असावी. वाचा-उपचार तज्ज्ञ ती करतात. तोवर पाहा: लाळ स्वतः गिळते का, खोकला जोरकस आहे का, गिळल्यावर आवाज ओला घरघरता होतो का. तज्ज्ञांनी होकार दिला तर सण झाल्यावरही चालेल, तिला ताठ बसवा, तोंड स्वच्छ करा आणि चमच्याच्या टोकावर बुडवलेला रस जिभेवर टेकवा. पोळीचा तुकडा नाही, नुसता रस. ती गिळेपर्यंत दुसरा चमचा हातात घेऊ नका.